भंडारदऱ्याच्या वाटेवर एक लिटर कमी

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. ठिकाण नगरचे केडगाव, पुणे रस्त्यावरचे एक गॅरेज. नाव अजून लिहीत नाही, कारण त्यांना सुधारायला मुदत द्यायची आहे. या वेळेला माझ्या गाडीच्या जॉबकार्डावर निळ्या शाईने ही ओळ लिहिली गेली: 'ग्राहकाने ट्रान्समिशन ऑइल जास्त भरले होते. काढले. ग्राहकास समज दिली.'

समज पोलीस देतात, सिग्नल तोडणाऱ्याला. मी अडुसष्ट वर्षांची आहे. त्यातली चौतीस वर्षे एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांमधली पातळी वाचण्यात गेली. माझी गाडी सोळा वर्षांची आहे आणि तिला आजवर कोणी ढकललेले नाही.

ही तीन दिवसांच्या भंडारदरा सहलीची हकिकत आहे. मधूनमधून तेल येईल, गिअरबॉक्समधले. ज्यांना फक्त धरण पाहायचे आहे त्यांनी तेलाचे परिच्छेद गाळावेत. ज्यांच्याकडे आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी आहे त्यांनी तेवढेच वाचले तरी चालेल.

भंडारदरा माझे आणि नलिनीचे जुने येणे आहे. आम्ही नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. सातवीत शाळेची सहल भंडारदऱ्याला निघाली आणि संगमनेरहून परत फिरली, कारण अर्ध्या वर्गाला बस लागली. नलिनी म्हणते, ती सोडून सगळ्यांना. मला वेगळे आठवते. पंचावन्न वर्षांनी तिचा गुडघा नवा झाला, माझी गाडी सर्व्हिसिंगला जाणार होती, म्हणून मंगळवार ठरवला.

गाडी माझ्या नावावर आहे, पण गॅरेजच्या यादीत मोबाईल नंबर माझ्या मुलाचा, अजितचा. तो पुण्याला असतो. त्यामुळे जॉबकार्डाचा फोटो मी घरी पोचायच्या आत पुण्याला पोचला.

"आई, तू स्वतः ऑइल भरतेस?"

"सप्टेंबरमध्ये भरलं होतं. दोनशे मिली. मोजून."

"ते म्हणतात लिटरभर जास्त होतं."

"म्हणू देत."

"म्हणत नाहीयेत, त्यांनी लिहून दिलंय. तुझं सगळं तोंडी आहे."

बरेच दिवस त्याच्या मनात गाडी विकायचे होते. त्याच्या ऑफिसातला एक गृहस्थ घ्यायला तयारच बसला होता. शेवटी आमच्यात ठरले ते असे: भंडारदऱ्याला जाऊन यायचे. काही न होता परत आले तर अजित हा विषय पुन्हा काढणार नाही. वाटेत काही झाले तर गाडी त्या गृहस्थाला, आणि मी इथून पुढे कॅब बोलवायची. मी शब्द दिला. माझ्या शाळेत दिलेला शब्द मोडणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभे करत. तिथे मी कधी उभी राहिले नाही, ती सवय अडुसष्टाव्या वर्षी कुठे बदलणार.

एक कबुली आधीच देऊन टाकते. त्या शनिवारी मी गॅरेजच्या खुर्चीत बसून चहा पीत होते. मेकॅनिकने पातळी बघितली तेव्हा मी उठून गेले नाही. त्याने बाटलीत काढलेले लाल तेल समोर धरले आणि माझाच माझ्यावरचा विश्वास हलला. वाटले, खरेच आपले मोजमाप चुकले असेल. घरी येऊन तेलाची पातळी दाखवणारी काडी काढून पाहणे माझ्या हातात होते. नाही पाहिली. 'समज' मला लागू पडली होती.

मंगळवारी सकाळी साडेसहाला निघालो. नगरहून राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर आणि मग भंडारदरा, साधारण एकशे साठ किलोमीटर. राहुरीपर्यंतच्या रस्त्याला मी काही बोलत नाही, बोलून झाले आहे. वेळ जास्त धरा आणि कंबरेला पट्टा बांधा. उसाचा हंगाम सुरू झाला आहे, दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून चालतात, मोठ्याने गाणी लावून. हॉर्न ऐकू जात नाही. मागे शांतपणे राहायचे आणि समोरून पडणारी कांडी चुकवायची.

संगमनेरला पोहे, चहा. पोहे चांगले, चहात साखर किती हे विचारू नये. निघताना मी गिअरचा लिव्हर डी वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर टाकला आणि गाडी लगेच निघाली नाही. एक, दोन असे मोजावे एवढा वेळ गेला आणि मग झटका देऊन निघाली.

"दमली का ग?" नलिनी म्हणाली.

"थंड आहे अजून."

थंड नव्हती. शंभर किलोमीटर चालून आली होती. मला ते कळत होते.

अकोल्याच्या पुढे डोंगर जवळ येतात आणि हवा बदलते. दोन्ही बाजूंना भात पिवळा झालेला, कुठे कापून आडवा घातलेला. मग विठ्याचा घाट लागतो. घाट काही मोठा नाही, नवशिक्यालाही जमेल असा आहे. दुसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र उतरला. मी पाय दाबते आहे, इंजिन ओरडते आहे आणि गाडी मुंगीच्या चालीने. मागून एक काळी-पिवळी जीप हॉर्न देत होती. मी लिव्हर खालच्या गिअरला आणला, पाय हलका ठेवला आणि देवाचे नाव न घेता घाटमाथा गाठला. देवाचे नाव नलिनी घेत होती, मराठीत आणि इंग्रजीत.

माथ्यावर एक चहाची टपरी आहे. तिथे थांबले. जीपही थांबली. चालक सोपान, चाळिशीचा, उतरून थेट माझ्या बॉनेटपाशी आला.

"आजी, क्लच प्लेट गेली तुमची."

"हिला क्लच नाही."

"क्लच न्हाई?" त्याने खाली वाकून पायाशी पाहिले. दोनच पेडल. "मंग गिअर टाकता कसा?"

"ती स्वतः टाकते."

"लई शानी हाय मंग. आज कामावर न्हाई वाटतं."

टपरीवाल्या हिराबाई चुलीमागून म्हणाल्या, "सोपान, तुझ्या जीपला तर चार गिअर हायेत आन एकबी लागत न्हाई. बाईंना बसू दे."

नलिनीने मला बाजूला घेतले. "सुमन, अजितला काही सांगायचं नाही. टेम्पोवर घालून नेऊ, दुरुस्त करू, गुपचूप परत."

"मी शब्द दिलाय."

"शब्द काय, तो मुलगाच आहे तुझा."

"म्हणूनच."

मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचे पुस्तक काढले. सोळा वर्षांत ते गॅरेजमधल्या कोणी उघडलेले मी पाहिलेले नाही. आमच्या इंग्रजीच्या सिस्टर म्हणायच्या, आधी शेवटपर्यंत वाचा, मग पेन उचला. पान एकशे बत्तीसवर सगळे लिहिले आहे. तेल गरम हवे, म्हणजे गाडी चालवून आलेली हवी. जमीन सपाट हवी. इंजिन चालू ठेवायचे. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवत खालपर्यंत न्यायचा आणि पुन्हा पी वर, म्हणजे गाडी उभी करायच्या खुणेवर आणायचा. मग काडी काढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची आणि गरमच्या दोन खुणांमध्ये तेल आहे का पाहायचे. इंजिन बंद असेल तर यंत्रात फिरणारे तेल खाली उतरून येते आणि पातळी असते त्यापेक्षा जास्त दिसते. हे वाक्य पुस्तकात जाड अक्षरांत आहे.

वाचता वाचता शनिवार माझ्या डोळ्यांसमोर आला. गाडी सकाळपासून बंद उभी होती. चावी माझ्या पर्समध्ये होती. म्हणजे इंजिन बंद असताना काडी पाहिली, इंजिन ऑइल पाहतात तशी, आणि जे जास्त दिसले ते उपसून काढले. आपल्याकडे बहुतेक गाड्या गिअरच्या. हात त्याच सवयीने चालतो. मी मेकॅनिकला सवयीबद्दल दोष देत नाही, लिहिलेल्या ओळीबद्दल देते.

प्रश्न सपाट जागेचा होता. टपरीपुढची जागा रस्त्याकडे उतरती.

"सपाट जागा आमच्यात एकच," हिराबाई म्हणाल्या. "खळं. पन बाबा गाडी येऊ देतील का, ते त्यांनाच इचारा."

बाबा म्हणजे त्यांचे सासरे, ऐंशीच्या घरातले, टपरीमागे घराच्या ओट्यावर बसलेले. खळे घराला लागूनच होते. चोपून, सारवून, वाळून तयार. दुसऱ्या दिवशी त्यावर भात पडणार होता.

"ट्रॅक्टर येतो खळ्यावर," बाबा विचार करत म्हणाले. "पन चाकं धुऊन. आन चपला न्हाई."

"धुते."

"तेल सांडंल?"

"थेंब सांडणार नाही."

"सांडलं तर तांदळाला वास येतो. वरीसभर खावा लागतो."

"नाही सांडणार, बाबा."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. प्रयोगशाळेत मी नव्या मुलींकडे असेच पाहत असे. मग म्हणाले, "आना."

सोपानने दोन बादल्या पाण्याने चारी चाके धुतली. मी आणि नलिनीने चपला काढल्या. गाडी हळूच खळ्यावर घेतली. मी विचारले, जागा पुरती सपाट आहे ना. बाबांना प्रश्न आवडला नाही. ते आत गेले, पितळी परात आणली, खळ्याच्या मध्यावर ठेवली आणि काठोकाठ पाणी ओतले. पाणी चहूबाजूंनी एकसारखे काठाला टेकले. कुठून ओघळले नाही.

"खळं ढाळाचं असलं तर धान एका अंगाला सरकतं," ते म्हणाले. "परातीबिगर मी खळं करत न्हाई."

इंजिन चालू, लिव्हर वरून खाली, खालून वर. काडी काढली, पुसली. पुसायला नलिनीचा रुमाल घेतला, कारण टपरीवरच्या फडक्याचे धागे सुटत होते आणि धागा आत गेलेला चालत नाही. काडी पुन्हा घालून काढली. तिच्या टोकाला तेलाचा ठिपकाही नव्हता. रुमालावर आधीचा जो डाग होता तो लाल आणि पारदर्शक. जळका वास नव्हता. तेल चांगले होते, फक्त नव्हते.

मला त्या क्षणी राग यायला हवा होता. आधी आले ते समाधान. माझे दोनशे मिली बरोबर होते.

सोपानला राजूरच्या फेरीला जायचेच होते. मी त्याला पुस्तकातल्या तेलाच्या प्रकाराचा फोटो काढून दिला. अर्ध्या तासाने त्याने बाटलीचा फोटो पाठवला. जाडे, पिवळे गिअर ऑइल. फोन केला.

"हे नाही."

"गिअरचंच हाय आजी, दुकानदार म्हनतो चालंल."

"त्याच्या गाडीत घालायला सांग. त्याला पॉवर स्टेअरिंगचं लाल तेल आहे का विचार. पिकअपला घालतात ते. बाटलीच्या पाठीवर काय छापलंय त्याचा फोटो पाठव."

हे लक्षात ठेवा, लहान गावात उपयोगी पडेल. ट्रान्समिशन ऑइल म्हटले तर कोणाला कळत नाही. तेच तेल पॉवर स्टेअरिंगचे म्हणून फळीवर असते. पण बाटलीच्या पाठीवरचा प्रकार आपल्या पुस्तकातल्याशी जुळला तरच घ्यायचे. काही गाड्यांना वेगळेच लागते, रंगावर जाऊ नये. माझ्या गाडीचा जुळला.

तो येईपर्यंत हिराबाईंनी जेवू घातले. तांदळाची भाकरी, हुलग्याचे पिठले, हिरव्या मिरचीचा ठेचा. दोघींचे दीडशे रुपये. नलिनीने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि अजून देवाचे नाव घेत होती.

तेल काडीच्याच नळीतून आत घालायचे असते. नळी बोटभर रुंदसुद्धा नाही, आणि एवढ्या बारीक तोंडाचे नरसाळे कोणाकडे नव्हते. सोपान फवारणीच्या पंपाची नळी आणत होता, मी नको म्हटले, तिच्यात काय काय जाऊन आले असेल. हिराबाईंनी माळ्यावरून ठिबक सिंचनाची बारीक नळी काढली, कोरी, गुंडाळी न सोडलेली. बाटलीच्या झाकणाला गरम खिळ्याने भोक पाडले, नळी त्यात घट्ट बसवली, दुसरे टोक आत सोडले. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर वर्तमानपत्र. बाटली हळूहळू दाबायची. पाव बाटली गेली की थांबायचे, लिव्हर फिरवायचा, काडी पाहायची. चार वेळा केले. जास्त झाले तर फेस येतो आणि ते काढणे घालण्याहून कठीण, म्हणून घाई करू नये. लिटरला थोडे कमी असताना तेल गरमच्या दोन खुणांमध्ये येऊन थांबले.

बाबा पूर्ण वेळ वर्तमानपत्राकडे पाहत होते. मी कागद उचलून त्यांना दाखवला. कोरडा.

"लेकीला द्यायची हुतीस शिकवून," ते म्हणाले.

"मुलगी नाही. मुलगा आहे, त्याला गाड्या विकता येतात."

बाबा हसले. दात नव्हते, पण हसू मोठे होते.

तिथूनच अजितला फोन केला. घाटात गाडी ओढेना, तेल कमी होते, भरले, आता ठीक आहे, असे थोडक्यात सांगितले.

"म्हणजे काहीतरी झालं, आई."

"झालं. माझ्यामुळे नाही."

"त्यांच्या कागदावर तुझ्यामुळे आहे."

"मग कागद बदलायला लावते."

"बदलून आण. ते गृहस्थ रविवारी, तीस तारखेला सकाळी गाडी बघायला येणार आहेत. त्याआधी लेखी आलं तर मी त्यांना नाही म्हणून सांगतो. नाही आलं तर तू शब्द दिलायस."

मुलगा माझाच आहे. लेखी मागायला मीच शिकवले.

राजूरला पेढे घ्या, ताजे असतात. शेंडी गावात धरणाजवळ राहायच्या जागा भरपूर आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर भावात घासाघीस चालते. आम्हाला पाण्याकडे तोंड असलेली खोली मिळाली. बुधवारी धरणाला वळसा घालून रतनवाडीला गेलो. रस्ता अरुंद, पाण्याला लागून, मधे मधे उखडलेला. अमृतेश्वराच्या देवळात नलिनीने दगडावरची नक्षी बोटाने चाचपली आणि नवा गुडघा विसरून देवळाला दोन फेऱ्या मारल्या. हे सहसा होत नाही. पाणी इतके स्थिर होते की मला परात आठवली. दुपारी रंधा धबधब्याला थांबलो. नोव्हेंबरात तो बारीक होतो, पण गर्दीही बारीक होते.

जिथे थांबलो तिथे मी सपाट जागा पाहून काडी काढली. नलिनी शेवटी म्हणाली, "ताप बघावा तसं बघतेस." दोन्ही दिवस पातळी हलली नाही. म्हणजे गळती नाही. म्हणजे ते लिटर केडगावलाच राहिले होते.

गुरुवारी परत येताना टपरीवर थांबलो. खळ्यावर भात पसरला होता. बाबांनी मूठभर धान माझ्या नाकापुढे धरले. उन्हाचा वास होता.

शुक्रवारी सकाळी घरचे स्टीलचे ताट आणि पाण्याची बाटली घेऊन गॅरेजला गेले. त्यांच्या यार्डात, जिथे माझी गाडी उभी होती तिथे, ताट ठेवले आणि पाणी ओतले. पाणी एका बाजूने सरळ पुणे रस्त्याकडे निघाले. गाडीचे तोंडही त्याच दिशेला होते. म्हणजे इंजिन बंद ते एक, आणि जमीन ढाळाची हे दोन.

मालक पन्नाशीचे, सभ्य. ताटाकडे पाहत म्हणाले, "मॅडम, ढाळ मुद्दाम दिलाय. गाड्या धुतल्यावर पाणी जायला."

"ठीक आहे. मग पातळी दुसरीकडे बघायची."

"तुमचं बरोबर आहे. आमच्या मेकॅनिककडून चूक झाली. सॉरी."

"हे लिहून द्या."

"लिहून कशाला, तोंडी म्हणतोय ना मी. जॉबकार्ड एकदा बंद झालं की बदलता येत नाही."

"बदलू नका. नवीन कागद घ्या."

ते हसले आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी उभ्यानेच नको म्हटले. त्या खुर्चीत बसून चहा पिण्याची चूक मी एकदा केली आहे.

घरी येऊन दोन दिवस झाले. राजूरचे पेढे संपले. नलिनीचा लाल डागाचा रुमाल मी धुतला नाही, कपाटात ठेवला आहे, पुरावा म्हणून आणि थोडा तसाच. ठिबकची नळी आता गाडीच्या डिकीत असते, एका कोऱ्या लाल बाटलीशेजारी. सातवीतली सहल पूर्ण झाली. गाडी दारात उभी आहे आणि चावी खुंटीला. येताजाता मी चावीकडे पाहते. पूर्वी पाहत नव्हते.

हा मजकूर छापून मी केडगावच्या त्या मालकांना हाती दिला आहे, पोच घेऊन. त्यांच्याकडून मला हवे आहे ते एका पानात मावते: १५ नोव्हेंबरला ट्रान्समिशन ऑइलची पातळी इंजिन बंद ठेवून आणि उतरत्या जागेवर पाहिली, त्यावरून योग्य असलेले तेल काढले गेले, ग्राहकाने जास्त भरलेले नव्हते, ग्राहकास दिलेली समज परत घेत आहोत. खाली सही आणि शिक्का. पैसे नकोत, मोफत धुलाई नको, चहा नको.

लेखी उत्तर शनिवार, २९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या घरी पोचावे. मी दारातच बसलेली असेन. रविवारी सकाळी दहाला दुसरे कोणीतरी येणार आहे, आणि मी शब्द मोडत नाही.